टेकूचा प्रश्न

माझी धाकटी बहीण इर्मा सिस्टर व्हायला मठात गेली, त्या दिवशी आमच्या बाबांनी परसातला बटाट्याचा अख्खा वाफा खणून काढला. जून महिना होता. बटाटे जेमतेम गोटीएवढे झाले होते. आठवडाभर आई त्या गोट्या उकडून वाढत होती आणि बाबा मुकाट्याने खात होते.

मी तिल्ला, थोरली. इर्माहून पाच वर्षांनी मोठी. चौदाव्या वर्षी शाळा सोडली, केस कापायला शिकले आणि आमच्या खाणवसाहतीत चर्चच्या समोरच्या गल्लीत दुकान थाटलं. इर्माच्या पुस्तकातलं मला सगळं कळतं असं मी म्हणणार नाही. पण जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं. वसाहतीत आता जो तो ते आपापल्या परीने सांगतो, निम्मं पदरचं घालून. म्हणून एकदा नीट सांगते.

बाबांचं नाव सेरवास हेन्ड्रिक्स. एकतीस वर्षं त्यांनी जमिनीखाली सातशे मीटरवर कोळसा काढला. आमच्याकडे बेल्जियमच्या लिम्बुर्खमध्ये खाणकामगार म्हणजे कॅथलिक, हे ठरलेलंच. घर खाणीचं, शाळा खाणीची, चर्चसुद्धा खाणीनेच बांधलेलं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला कोण आलं नाही हे सोमवारी साहेबांना ठाऊक असायचं. बाबा दर रविवारी आईला चर्चच्या पायरीपर्यंत सोडत आणि समोरच्या झाडाखाली पाइप ओढत उभे राहत, सगळ्यांना दिसतील असे. ते समाजवादी होते. लपूनछपून नव्हे, उघड. त्यापायी दोनदा त्यांना सगळ्यात वाईट पाळी मिळाली, पाणी गळणाऱ्या बोगद्यातली. त्यांनी ती केली.

त्यांचं खरं घर म्हणजे कामगार संघटनेचं लोकगृह. खाली बिअर, वर सभागृह आणि सभागृहात पुस्तकांची दोन कपाटं. ती दोन्ही कपाटं बाबांनी वाचून संपवली होती. ओळीखाली लाकडी पट्टी धरून, ओठ हलवत, सहावी शिकलेला माणूस वाचतो तसे वाचायचे. पण एकदा वाचलेलं सुटायचं नाही.

आमच्या स्वयंपाकघरात एका भिंतीवर आईचा क्रूस होता आणि समोरच्या भिंतीवर बाबांच्या दाढीवाल्या जर्मन तत्त्वज्ञाचं चित्र. दोघांच्या मधोमध बसून आम्ही जेवायचो. जेवताना वाद व्हायचा आणि वादाला बाबांचा एकच नियम होता. आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्याने ‘हो, हेच म्हणतोय मी’ अशी मान डोलावली पाहिजे. मग काय हाणायचं ते हाणा. मला हे कधीच जमलं नाही, मी आधी हाणायची. इर्माला आठव्या वर्षी जमलं. बाबा तिच्याकडे बघायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते माझ्याकडे बघताना कधी दिसलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

वीस वर्षांची झाल्यावर इर्माने मठात जायचं ठरवलं. तेव्हाही तिने नियम पाळला. जेवणाच्या टेबलावर बसून तिने बाबांचं सगळं म्हणणं मांडलं. धर्म हा मालकांच्या कसा कामी येतो, गरिबाला वरच्या जगाची आशा दाखवून खालचं जग कसं गप्प ठेवलं जातं, आणि सहावी शिकलेल्या कामगाराच्या मुलीने तिकडे जाणं म्हणजे काय. बाबांहून चांगलं मांडलं. बाबांना मान डोलवावी लागली. मग ती म्हणाली, “तरीही मी जाणार आहे.”

त्यावर बाबांकडे उरला होता बटाट्याचा वाफा.

चार वर्षं ते तिच्याशी बोलले नाहीत. मठात तिला नवं नाव मिळालं, सिस्टर क्लेमेन्तिया. आईने ते घरात उच्चारलं तर बाबा म्हणायचे, “ही कोण बाई? आमच्याकडे इर्मा जन्मली होती.” तिची पत्रं आईच्या नावावर यायची. आई मोठ्याने वाचायला बसली की बाबा उठून बाहेर जायचे. पण गेले नसायचे. दाराआडून त्यांचा श्वास ऐकू यायचा. त्यांच्या छातीत तेव्हा शिट्टी वाजायला लागली होती.

एकोणीसशे चोपन्न साली डॉक्टरने त्यांना कायमचं वर काढलं. फुप्फुसांत दगडाची धूळ बसली होती. एकोणपन्नासाव्या वर्षी बाबा चुलीशेजारच्या खुर्चीत येऊन बसले. कामावरून परतणाऱ्या माणसांच्या बुटांचा आवाज रस्त्यावरून जायचा तेव्हा ते खिडकीकडे पाठ फिरवायचे.

त्याच वर्षी मठाने इर्माला तत्त्वज्ञान शिकायला ल्यूव्हनच्या विद्यापीठात पाठवलं, आणि ऑक्टोबरात पहिल्यांदा बाबांच्या नावावर तिचं पत्र आलं. खुशाली नाही, माफी नाही. तिने लिहिलं होतं की तेराव्या शतकातले धर्मपंडित वाद कसा घालत हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. आधी विरोधकाचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं, मग आपलं उत्तर. “बाबा, तुमचा नियम सातशे वर्षं जुना आहे.”

बाबांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग कार्ड घेऊन एक ओळ लिहिली, “म्हणजे त्यांनी आमचा चोरला,” आणि स्वतः पेटीत टाकायला गेले. पेटी कोपऱ्यावर आहे. वाटेत तीन ठिकाणी थांबून त्यांनी दम घेतला.

त्यानंतर सात वर्षं त्यांची पत्रापत्री चालली. प्रकृतीचा विषय दोघांनीही काढला नाही, ते खातं आईकडे होतं. पत्रांत फक्त विचार. इर्मा ज्यांच्यावर अभ्यास करत होती ते जुने साधुपुरुष अंगाने बरेच भरलेले होते म्हणे, म्हणून बाबा त्यांना ‘तुझा जाड्या’ म्हणायचे. मग इर्माही उलट ‘तुमचा दाढीवाला’ लिहायला लागली. आई एकदा मला म्हणाली, “दोन म्हाताऱ्यांची लग्नं जमवतायत जणू.”

एकसष्टच्या उन्हाळ्यात इर्माचा प्रबंध छापून आला. तीनशे बारा पानं, करडं वेष्टण. आत पहिल्या पानावर फक्त मठाच्या मुख्य सिस्टरची परवानगी आणि तारीख. कुणाला अर्पण वगैरे काही नाही. सोबत आमंत्रण होतं. ऑक्टोबरात ल्यूव्हनला जाहीर सभेत तिला प्रबंधाचा बचाव करायचा होता, कुणीही येऊन ऐकावं.

प्रबंधात काय होतं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. जुने धर्मपंडित म्हणतात, माणसाची किंमत तो काय करतो यावर ठरत नाही. देवाने त्याला आपल्या रूपात घडवलं, म्हणून काही करण्याआधीच तो मोलाचा आहे. बाबांकडचे नवे विचारवंत म्हणतात, देव नाही, माणसाला कुणी घडवलं नाही. त्याने आपल्या हातांनी जग बदललं आणि ते बदलता बदलता तो माणूस झाला. ते काम त्याच्यापासून हिरावून घेतलं की त्याचं माणूसपण जातं. आणखी एक तिसरा पंथ होता, पॅरिसकडच्या लोकांचा. त्यांच्या मते देवही नाही आणि कामही नाही, प्रत्येकाने स्वतःला निवडायचं असतं. ते वाचून मला वाटलं, या लोकांना कुणाचं धुणं धुवावं लागत नसणार.

बाबांनी तो प्रबंध अकरा आठवडे वाचला. सुताराची दुरंगी पेन्सिल घेऊन. पटलं तिथे निळी रेघ, नाही पटलं तिथे लाल. आईने विचारलं की कसं आहे, तर म्हणाले, “शत्रूचं सैन्य मोजतोय.” पहिल्या शंभर पानांत निळ्या रेघा इतक्या झाल्या की त्यांनी त्या बाजूला टोक करायचंच सोडून दिलं. पण एकशे नव्वदाव्या पानावर त्यांनी समासात वरपासून खालपर्यंत लाल रेघ ओढली. एवढी जोरात, की कागद फाटला. त्यानंतर दोन दिवस त्यांनी पुस्तक उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, “त्रिनेत, माझा काळा कोट काढून ठेव. मी जाणार आहे.”

आई म्हणाली, “अहो, तुम्हाला जिना चढवत नाही.”

“ल्यूव्हनला काय सगळं जिन्यावरच असतं?”

होतं. सभागृह दुसऱ्या मजल्यावर निघालं. मी, आई आणि बाबा सकाळच्या गाडीने निघालो होतो. वाटेत हासेल्टला गाडी बदलली. बाबांच्या कोटावर संघटनेचा लाल बिल्ला होता आणि आईने तो काढायला सांगितली नव्हती. जिन्याला छत्तीस पायऱ्या होत्या. मी मोजल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. दोन तरुण धर्मविद्यार्थी धावत आले. आजोबा, खुर्चीत बसवून उचलून नेतो, म्हणाले. बाबांनी त्यांच्या लांब झग्यांकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की चर्चने उचललेला माणूस खाली कधी ठेवला जातो याचा भरवसा नसतो. पोरं हसली, पण बाजूला झाली नाहीत. एक पुढे, एक मागे अशी पायरी पायरी त्यांच्यासोबत चढली. वीस मिनिटं लागली. वर पोचलो तेव्हा दार अजून बंद व्हायचं होतं. नंतर कळलं की सभेच्या अध्यक्षांनी खिडकीतून आम्हाला येताना पाहिलं होतं आणि घड्याळाकडे बघणाऱ्या शिपायाला थांबवून धरलं होतं.

आत लाकडी बाकं, उंच खिडक्या, पुढे मंचावर काळ्या झग्यातले पाच प्राध्यापक. आणि एका छोट्या टेबलाशी, पांढऱ्या-काळ्या पोशाखात, आमची इर्मा. चार वर्षांनी मी तिला पाहत होते. बारीक झाली होती. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. तिने पाहिलं, आणि लगेच समोरच्या कागदांकडे नजर वळवली.

दीड तास ते पाचही जण तिला प्रश्न विचारत होते. एक प्राध्यापक, स्वतः धर्मगुरू, म्हणाले की तिने निरीश्वरवाद्यांचं म्हणणं गरजेपेक्षा सुंदर मांडलंय, वाचणाऱ्याला मोह पडेल. त्यावर इर्मा म्हणाली, की मोह पडण्याइतकं ते खरं नसतं तर त्यावर तीनशे पानं घालवायची गरज नव्हती. दुसरे, साध्या कोटातले, नेमकं उलट बोलले. कामगारांच्या विचाराला आधी तिने हार घातला आणि मग पवित्र पाण्यात बुडवून मारला, असं त्यांचं म्हणणं. तिने त्यांना पान काढून दाखवलं. आवाज चढला नाही, घाई केली नाही. दर वेळी ती आधी समोरच्याचा प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत मांडायची, आणि समोरचा मान डोलावेपर्यंत थांबायची. चौथ्या वेळी मी बाबांकडे पाहिलं. ते प्राध्यापकांच्या बरोबरीने मान डोलावत होते. त्यांना ते कळत नव्हतं.

शेवटी अध्यक्ष उठले. पांढऱ्या केसांचे, ठेंगणे, वाकलेले. प्रथेप्रमाणे त्यांनी विचारलं की श्रोत्यांपैकी कुणाला उमेदवाराला प्रश्न करायचा आहे का. असं विचारतात, आणि कुणी काही विचारत नाही. मग सगळे निकालाची वाट पाहतात. अध्यक्ष अर्धे खाली बसलेही होते.

बाबा उभे राहिले. पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून.

“मी सेरवास हेन्ड्रिक्स,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं खाणीत. शिक्षण सहावी.”

सगळ्या माना मागे वळल्या. आईने डोळे मिटले. अध्यक्ष पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, “बोला श्रीयुत हेन्ड्रिक्स. वेळ घ्या.”

बाबांनी आधी इर्माचं म्हणणं मांडलं. तीनच वाक्यांत, मध्ये दोनदा श्वास घेऊन. मग विचारलं, “बरोबर मांडलं का?”

“बरोबर,” इर्मा म्हणाली.

“पान एकशे नव्वद. तिथे तू लिहिलंयस की आमच्या विचारात माणूस कामातून घडतो, म्हणून ज्याचं काम सुटलं त्याच्यासाठी आमच्याकडे शब्द नाही. हे खोटं आहे असं सांगायला मी निघालो होतो. हासेल्टपर्यंत तेच सांगणार होतो.” ते थांबले. सभागृहभर त्यांच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. “मी सात वर्षं चुलीपाशी बसून आहे. माझ्या पुस्तकाप्रमाणे मी आता काय आहे, ते मी शोधलं. सापडलं नाही. तुझ्या पुस्तकाप्रमाणे मी काय आहे ते तू लिहिलंस, वाचायला गोड आहे. पण आमच्या फादरांनीही तेच सांगितलं होतं. अडतीस साली छत कोसळून आमचे चौघं गेले तेव्हा. सगळे जीव देवाला सारखेच मोलाचे, म्हणाले. आणि पुढच्या महिन्यात आम्ही छताला जास्तीचे लाकडी टेकू मागायला गेलो, तर तेच फादर आम्हाला बंडखोर म्हणाले. मला सांत्वन नको. मला उत्तर हवंय. तुझा विचार सातशे वर्षं खरा असेल, तर त्याने एक टेकू का उभा केला नाही?”

पुढच्या रांगेतल्या मुख्य सिस्टर ताठ समोर बघत होत्या. इर्मा टेबलावर दोन्ही तळवे ठेवून उभी होती, अगदी लहानपणी राहायची तशी. मला वाटलं आता ती ‘बाबा’ म्हणेल आणि रडेल. तिने तसं केलं नाही.

“आदरणीय परीक्षक,” ती म्हणाली, आणि हा मान तिने पाचही प्राध्यापकांना दिला होता तसाच, त्याच सुरात दिला. “आपला आक्षेप असा आहे, की माणूस मोलाचा आहे हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी त्याला वाचवलं नाही, आणि ज्यांनी वाचवायची मागणी केली ते त्या ठाऊक असणाऱ्यांपैकी नव्हते. बरोबर?”

“बरोबर.”

“मला तो मान्य आहे. एकशे नव्वदाव्या पानावर मी आपल्या पक्षाची उणीव लिहिली आणि माझ्या पक्षाची लिहिली नाही. ती त्या पानाची चूक आहे. ती माझी आहे.”

मंचावर खुर्च्या कुरकुरल्या. अशा सभेत उमेदवार चूक कबूल करत नाही, हे मलासुद्धा तोवर कळलं होतं.

“पण मलाही एक विचारायचं आहे,” इर्मा म्हणाली. “त्या चौघांत जिलिस होता. अठ्ठावन्न वर्षांचा. त्याची फुप्फुसं गेली होती, फावडं उचलवत नव्हतं. दीड वर्ष त्याच्या वाट्याच्या ढकलगाड्या आपण आणि आपल्या तिघा सोबत्यांनी आळीपाळीने भरल्या, कुणाला कळू न देता. हे आपणच जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं. जिलिस काही काढत नव्हता. आपल्या कपाटातल्या पुस्तकाप्रमाणे ते श्रम वाया गेले. का भरल्या?”

बाबांनी विचार केला नाही. “कारण तो जिलिस होता.”

“मी तीनशे बारा पानांत एवढंच लिहिलं आहे,” इर्मा म्हणाली.

“मग तीनशे बारा पानं कशाला लागली?”

आधी ते साध्या कोटातले प्राध्यापक हसले, मग अध्यक्ष, मग अख्खं सभागृह. मुख्य सिस्टरांचे खांदेसुद्धा हलले. इर्मा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती ते पुसत नव्हती. हशा ओसरेपर्यंत बाबा उभेच राहिले.

“उत्तर अर्धं आलं,” ते म्हणाले. “जिलिसचं आलं. टेकूचं राहिलं.”

“टेकूचं राहिलं,” इर्मा म्हणाली. “मान्य.”

अध्यक्षांनी चष्मा लावून समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. बाबा खाली बसले. त्यांचा हात आईच्या हातात होता, पण कुणी कुणाचा धरला ते मी पाहिलं नाही.

निकाल लागला, सर्वोच्च श्रेणी. नंतर शेजारच्या दालनात छोट्या पेल्यांतून गोड दारू आणि बिस्किटं होती. ते ठेंगणे अध्यक्ष हातात पेला घेऊन थेट बाबांपाशी आले आणि त्यांनी विचारलं की आपण तत्त्वज्ञान कुणाकडे शिकलात. बाबा म्हणाले, “लोकगृहातल्या कपाटांकडे. दोन होती.” अध्यक्षांनी सांगितलं की एकवीस वर्षांत या सभागृहात श्रोत्यांमधून आलेला हा पहिला प्रश्न, आणि आजच्या सगळ्या प्रश्नांत हाच आपण घरी नेणार आहोत. बाबांनी त्यांचे आभार मानले नाहीत. घरी नेलात तर उत्तर सापडल्यावर कळवा, म्हणाले, आणि पत्ता सांगितला.

इर्मा गर्दीतून वाट काढत आली. अकरा वर्षांनी ते समोरासमोर उभे होते. तिने विचारलं, “बाबा, जिना कसा चढलात?” ते म्हणाले, “तुझ्या लोकांनी फार मदत केली. उचललं नाही.” एवढंच बोलणं झालं. मग आईने जर्दाळूच्या व्लायची, म्हणजे आमच्याकडच्या फळं घातलेल्या केकची, अख्खी पेटी तिच्या हातात ठेवली. आई सकाळपासून ती पेटी मांडीवर घेऊन बसली होती, त्यामुळे पेटी एका बाजूने दबली होती.

परतीच्या गाडीत तिनेनच्या पुढे कुठेतरी बाबा आईला म्हणाले, “भर सभेत चूक कबूल केली पोरीने. त्या पाच जणांसमोर. पाहिलंस ना?” आई म्हणाली, पाहिलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. गेंकला उतरेपर्यंत चार वेळा. मी त्यांची लेक आहे, छत्तीस वर्षांची होते, आणि मी सांगते, तो अभिमान बघून मला एकदाही स्वतःचं वाईट वाटलं नाही. माझीच छाती फुगली होती.

गोष्ट इथे थांबली असती. पण बाबांनी प्रबंधाची आपली प्रत नेऊन लोकगृहाच्या ग्रंथालयात द्यायचं ठरवलं. तिथला चिटणीस नेलिस म्हणाला, सिस्टरचं पुस्तक आपल्या कपाटात येणार नाही, नियम आहे. बाबांनी समितीची सभा बोलवायला लावली. सभेत ते नेलिसचं म्हणणं नेलिसपेक्षा चांगलं मांडून बसले. चर्चने आपल्याला कधी काय काय केलं याची अख्खी यादी, तारखांसकट. नेलिसची मान डोलत होती. मग बाबांनी विचारलं, “आता मला सांग, या सगळ्याचं उत्तर मागायला तुझ्याकडे दुसरं कोण आहे, जिने एकदा तरी ‘चूक माझी’ म्हटलंय?” पाच विरुद्ध चार मतांनी पुस्तक आत आलं. दाढीवाल्याच्या जाड ग्रंथाला लागून बसवलं, कारण तिथेच जागा होती.

त्या हिवाळ्यात दर रविवारी दुपारी नऊ-दहा माणसं बाबांभोवती बसून तो प्रबंध वाचू लागली. बाबा एक पान वाचत, मग वाद. आक्षेपांना नंबर घालून ते ल्यूव्हनला पाठवत आणि इर्मा एकेकाचं उत्तर लिहून पाठवे. सतराव्या नंबरला तिने लिहिलं, “माहीत नाही.” ते पत्र वसाहतीत हातोहात फिरलं. माझ्या दुकानात केस कापून घेता घेता एक बाई मला म्हणाली, “सिस्टरला माहीत नाही असं सिस्टरने लिहिलंय म्हणे.” मी म्हटलं, “हो, माझ्या बहिणीने.”

मार्चमध्ये इर्मा स्वतः आली. मठाची परवानगी कशी मिळवली ते तिने सांगितलं नाही. आमच्या लोकगृहात तोवर कुणी सिस्टर आली नव्हती. बिअर पिणाऱ्यांनी पेले खाली ठेवले. काहींनी टोप्या काढल्या आणि मग आपण हे का केलं असं वाटून परत घातल्या. वर सभागृहात खुर्च्या अपुऱ्या पडल्या होत्या. पोलिश वस्तीतले लोक आले होते, इटालियन आले होते. ज्यांनी आयुष्यात पुस्तक उघडलं नव्हतं तेही आले होते. नेलिस हात बांधून दाराशी उभा होता.

बाबा तिला पुढे घेऊन गेले. त्यांना दम लागला होता म्हणून सगळे थांबले. मग ते म्हणाले, “ही माझी मुलगी. डॉक्टर आहे. पण खोकल्याचं औषध मागू नका, तिला ते येत नाही. बाकी काय विचारायचं ते विचारा. सोडू नका, तिला सवय आहे.”

पहिला प्रश्न काझिमिर नावाच्या पोलिश माणसाने विचारला. देव असेल तर तो रात्रपाळीला कुठे असतो? इर्माने खुर्ची पुढे ओढली, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि त्याचा प्रश्न आधी त्यालाच परत मांडून दाखवला. काझिमिरने मान डोलावली. तिथून जे सुरू झालं ते आवरेना. एक बसला की दोन उठत. नेलिसने तीन प्रश्न विचारले, तिन्ही चांगले.

साडेपाचला खालून बँडवाले आले. सराव होता, सभागृह त्यांचं होतं. जिन्यावर पितळी वाद्यं घेऊन ते चौदा जण खोळंबले. शेवटी त्यांच्या प्रमुखाने दार ढकलून आत डोकं घातलं आणि विचारलं, अजून किती वेळ?

बाबांनी मांडीवरच्या पुस्तकात बोट घालून पान धरलं होतं. त्यांनी वरही पाहिलं नाही.

“आत येऊन बसा,” ते म्हणाले. “आम्ही चाळीसाव्या पानावर आहोत.”